स्वतःला इजा करणारे मूल आणि घराची जबाबदारी
(जिंतूर येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)

किशोरवयातील मुलाने किंवा मुलीने जाणूनबुजून स्वतःच्या शरीराला इजा करणे आणि ती महिनोन्महिने घरच्यांच्या नजरेआड ठेवणे, हे पुण्या-मुंबईच्या घरांतच घडते, असा समज मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांत अजूनही रूढ आहे. हा समज दोन कारणांनी घातक ठरतो : एक तर त्यामुळे अशी घटना स्वतःच्या घरात घडत असताना पालकांना ती ओळखू येत नाही, आणि ओळखू आलीच तर ती फक्त त्यांच्याच वाट्याला आलेली नाचक्की आहे असे वाटून ते त्याविषयी कोणाजवळही तोंड उघडत नाहीत. अशा मुलाच्या आईवडिलांनी नेमके काय करावे, काय टाळावे आणि जिंतूरसारख्या ठिकाणी मदत कोठून मिळवावी, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

मुख्य प्रतिपादन आरंभीच मांडणे सोयीचे होईल. मुलाच्या अंगावरची खूण दिसताच घरातील मोठी माणसे बहुधा दोषी शोधू लागतात. हा दोष कधी मुलाच्या हट्टी स्वभावाला, कधी मोबाइलला, कधी एखाद्या मैत्रिणीला, कधी आईच्या लाडाला, तर कधी कोणीतरी केलेल्या करणीला दिला जातो, आणि शोध जितका कसून चालतो तितके मूल अधिक गप्प होत जाते. याउलट, ती इजा करण्यापूर्वी मुलाच्या मनात काय चालले होते याची चौकशी ज्या घरात धीराने होते, त्या घरात मुलाला मदत स्वीकारणे सोपे जाते. पालकांनी करावयाच्या बहुतेक सर्व गोष्टी या एका बदलातून निघतात.

संज्ञा आणि व्याप्ती

जीव देण्याचा हेतू नसताना स्वतःच्या शरीराला जाणूनबुजून केलेली इजा, असा ‘स्वइजा’ या शब्दाचा अर्थ येथे घेतला आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरण-ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत या वर्तनाला अधिक अभ्यासाची गरज असलेली स्वतंत्र अवस्था म्हणून स्थान मिळाले. त्यापूर्वी ते प्रामुख्याने एका विशिष्ट व्यक्तिमत्त्वविकाराचे लक्षण मानले जात असे. तथापि या वर्तनाकडे सहानुभूतीने पाहण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. कार्ल मेनिंजर या मनोविकारतज्ज्ञाने १९३८ साली लिहिलेल्या ग्रंथात असा विचार मांडला होता की, शरीराच्या एखाद्या भागाला इजा करणे हा संपूर्ण नाश टाळण्याचा, म्हणजे एका अर्थाने जगत राहण्याचा, विपरीत वाटेने केलेला प्रयत्न असू शकतो.

हे वर्तन बहुधा बारा ते चौदा या वयात सुरू होते, म्हणजे शाळेच्या भाषेत सातवी ते नववीच्या सुमारास. अनेक देशांतील पाहण्यांचा एकत्रित विचार करणाऱ्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १७ टक्के किशोरांनी आयुष्यात एकदा तरी असे केल्याचे आढळले. भारतात बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार दिसून आला. मात्र ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. मुलगे या बाबतीत अनेकदा नजरेतून सुटतात, कारण भिंतीवर मूठ आपटून घेतलेली इजा ‘राग आला होता’ किंवा ‘खेळताना लागले’ या शब्दांत सहज खपून जाते आणि वडीलधाऱ्यांना त्यात पुरुषी तापटपणापलीकडे काही दिसत नाही.

स्वइजा आणि आत्महत्येचा प्रयत्न या वेगळ्या गोष्टी असल्या तरी त्यांच्यातील भिंत पक्की नाही. ज्याने स्वतःला वारंवार इजा केली आहे, त्याच्या बाबतीत पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो; म्हणून ‘मरायचे थोडेच होते तिला’ असे म्हणून निर्धास्त होणे जितके चूक, तितकेच प्रत्येक ओरखड्याला मृत्यूची नांदी समजून घरात आकांत मांडणेही चूक आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात किशोरवयापासून तरुणपणापर्यंत चाललेल्या एका दीर्घ अभ्यासाचे २०१२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष येथे दिलासा देणारे आहेत : किशोरवयात सुमारे ८ टक्के मुलांनी स्वतःला इजा केल्याचे सांगितले होते, आणि त्यांपैकी सुमारे ९० टक्के मुलांनी तरुणपणी तसे करणे सोडलेले होते. त्याच अभ्यासाने हेही दाखवले की, किशोरवयातील नैराश्य आणि चिंता यांचा तरुणपणीच्या स्वइजेशी संबंध आहे. तेव्हा खुणा दिसेनाशा झाल्या म्हणून आतले दुःखही मिटले असे गृहीत धरता येत नाही.

मराठवाड्याचा जुना अनुभव

आधुनिक मानसशास्त्राच्या परिभाषेत हा विषय नवा वाटला तरी मराठवाड्याला त्याच्या जवळचा एक अनुभव जुना आहे आणि तो भानामती या नावाने ओळखला जातो. कपडे अचानक पेटणे, अन्नात घाण सापडणे, घरावर दगड पडणे आणि घरातल्या एखाद्या मुलीच्या किंवा सुनेच्या अंगावर फुल्या वा जखमा उमटणे, अशा घटनांना भानामती म्हटले गेले, आणि त्यामागे कोणा शेजाऱ्याचा किंवा भाऊबंदाचा हात आहे असे मानून देवऋषी, जाणता, उतारा, गंडेदोरे यांचा फेरा सुरू झाला. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने, विशेषतः डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अशा प्रकरणांचा छडा लावताना मांडलेले निदान असे की, या घटनांमागे दैवी शक्ती नसून घरातलाच मानवी हात असतो, आणि तो हात पुष्कळदा अशा व्यक्तीचा असतो की जिला स्वतःची घुसमट उघडपणे सांगण्याची घरात सोय उरलेली नाही.

पालकांच्या दृष्टीने या कामातील सर्वांत शिकण्यासारखा भाग पुढचा आहे. घटनेमागील व्यक्ती लक्षात आल्यावर तिचे नाव गावासमोर जाहीर करावयाचे नाही, तिच्याशी एकांतात बोलावयाचे, तिचा त्रास समजून घ्यावयाचा आणि गरज असल्यास तिला मानसोपचारापर्यंत पोहोचवावयाचे, हा दंडक कार्यकर्त्यांनी पाळला. भानामतीची सर्वच प्रकरणे स्वइजेची नव्हती आणि स्वइजा करणारी आजची मुले कोणाला फसवतही नसतात. परंतु जी व्यक्ती शब्दांनी बोलू शकत नाही ती शरीरातून बोलते, आणि तिला चव्हाट्यावर आणल्याने तिचे बोलणे आणखी बंद होते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे आणि वैद्यकीय उपचारापासून रोखणे या गोष्टी गुन्हा ठरवल्या आहेत, हेही पालकांनी ध्यानात ठेवले पाहिजे, कारण ‘हे बाहेरचे आहे’ असे सुचवणारे आप्त आजही अनेक घरांत असतात आणि त्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो.

मूल असे का करते

‘लक्ष वेधून घेण्यासाठी’ हे या प्रश्नाचे सर्वांत प्रचलित आणि सर्वांत अपुरे उत्तर आहे. बहुसंख्य मुले या खुणा लपवतात. ज्याला केवळ लक्ष हवे आहे तो उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून फिरणार नाही. मॅथ्यू नॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलेल्या विश्लेषणानुसार स्वइजा मुलासाठी चार प्रकारची कामे करते : असह्य भावना क्षणभर शमवणे, बधिरपणा आला असता काहीतरी जाणवून घेणे, एखाद्या नकोशा प्रसंगातून सुटका मिळवणे, आणि इतरांपर्यंत स्वतःच्या त्रासाची वर्दी पोहोचवणे. यांतील पहिले काम सर्वाधिक आढळते. इजेनंतर काही काळ खरोखरच हलके वाटते, आणि या तात्पुरत्या सुटकेमुळेच ती कृती पुन्हा पुन्हा घडते. नंतर अपराधी भावना येते, तिचा ताण साचतो आणि चक्र पुढे चालू राहते.

त्रासाची कारणे मात्र प्रत्येक मुलाची वेगळी असतात आणि ती सहसा एकापेक्षा अधिक असतात. नैराश्य, वर्गातील छळ, परीक्षेचे दडपण, घरातील भांडणे किंवा दारू, प्रेमसंबंध तुटणे, लैंगिक ओळखीविषयीची भीती आणि लैंगिक अत्याचार ही त्यांतील प्रमुख होत. जिंतूर तालुक्याच्या परिसरात यांना काही स्थानिक परिस्थितींची जोड मिळते. दहावीनंतर लातूरला किंवा नांदेडला शिकवणीसाठी पाठवलेले मूल भाड्याच्या खोलीत एकटे राहते आणि घरच्यांनी शेत गहाण ठेवून भरलेल्या फीचे ओझे त्याच्या मनावर असते. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांची मुले दिवाळीनंतर कित्येक महिने आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. सोयाबीन आणि कापूस यांचे भाव पडलेल्या वर्षी घरातले वातावरण बदलते आणि मुले त्याविषयी एक अक्षरही न बोलता ते सारे टिपत असतात. मूल अत्याचाराविषयी बोलले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार त्याची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे; नात्यातल्या माणसाला वाचवण्यासाठी ती दडपणे हा कायदाभंग तर होतोच, शिवाय मुलाच्या जखमा चालू राहण्याचे कारणही तेच होऊन बसते.

पहिला संवाद

इजा नजरेस पडल्यावर सर्वप्रथम शरीराकडे लक्ष द्यावयाचे असते. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल, किंवा मुलाने गोळ्या अथवा फवारणीचे औषध घेतल्याची नुसती शंका असेल, तर मूल वरकरणी ठणठणीत दिसत असले तरी त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे, कारण काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो. किरकोळ जखम स्वच्छ करून बांधावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची विचारणा करावी. ही शुश्रूषा उपदेश न करता, शांतपणे झाली, तर तीच पुढच्या संवादाची सुरुवात ठरते.

त्यानंतरच्या बोलण्यासाठी घरातील गर्दीची वेळ, जेवणाचे ताट किंवा पाहुण्यांसमोरची बैठक टाळावी. शेतात जाताना, गाडीवरून येताना किंवा रात्री दिवा मालवल्यावर, म्हणजे नजरेला नजर भिडवावी लागत नाही अशा वेळी, किशोरवयीन मुले अधिक मोकळी होतात. ‘तुझ्या हातावरच्या खुणा दिसल्या. मला राग आलेला नाही, काळजी वाटते. आत्ता सांगावंसं वाटत नसेल तर नको सांगू, पण वाटेल तेव्हा मी ऐकणार आहे,’ एवढी तीन साधी वाक्ये पुरेशी असतात. मूल गप्प राहिले तर तो नकार समजू नये. काही मुलांना तोंडी सांगण्यापेक्षा चिठ्ठी लिहिणे किंवा व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवणे सोपे जाते आणि पालकांनी तीही वाट खुली ठेवावी.

टाळावयाची वाक्ये मराठी घरांत अगदी ओठांवर असतात. ‘तुला काय कमी केलं आम्ही?’, ‘तुझ्यासाठी रक्ताचं पाणी केलं आणि तू हे पांग फेडलेस’, ‘ही थेरं बंद कर’, ‘लग्नाच्या वेळी हे डाग दिसले तर कोण पदरात घेईल?’ ही वाक्ये पालकांच्या भीतीतून येतात, परंतु मुलापर्यंत पोहोचताना ती आरोप होऊन पोहोचतात. यांपेक्षाही सूक्ष्म धोका शपथेचा आहे. ‘माझ्या गळ्याची शपथ, पुन्हा असं करणार नाहीस’ असे वदवून घेतल्याने आईला त्या रात्री झोप लागते. मात्र ज्या क्षणी मुलाला पुन्हा ती ऊर्मी अनावर होते, त्या क्षणी शपथ मोडल्याचे पाप, आईच्या जिवाची भीती आणि आता सांगायचे कोणत्या तोंडाने हा पेच अशा तीन गोष्टी त्याच्या आधीच्या दुःखात भर घालतात आणि ते जखम अधिक कुशलतेने लपवू लागते. शपथेच्या जागी एक विनंती ठेवावी : पुन्हा तसे वाटले तर करण्याआधी, आणि करून झाले तर केल्यानंतरही, सांगावयाचे, सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही.

मरणाचे विचार येतात का, हे मुलाला थेट विचारावे. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात घातला जाईल ही भीती सार्वत्रिक आहे, परंतु न्यूयॉर्क राज्यातील २,३४२ शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असा प्रश्न विचारल्याने मुलांची अस्वस्थता वा आत्महत्येचे विचार वाढल्याचे दिसले नाही. उत्तर होकारार्थी आले, विशेषतः मुलाच्या बोलण्यात एखादी योजना किंवा ठरलेली वेळ आली, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे.

घर सुरक्षित करणे

आवेगाचा क्षण बहुधा थोड्या वेळाचा असतो आणि त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसली तर जीव वाचतो, हे आत्महत्या-प्रतिबंधाच्या अभ्यासातील अत्यंत भक्कम निष्कर्षांपैकी एक आहे. श्रीलंकेत १९९५ आणि १९९८ साली अतिविषारी कीटकनाशकांवर निर्बंध आले आणि २००५ पर्यंत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर उतरले. लोकांची दुःखे त्या दहा वर्षांत निम्मी झाली नव्हती. परभणी जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाला यातून घेण्याचा धडा सरळ आहे. फवारणीची औषधे राहत्या घरात, न्हाणीघराच्या फळीवर किंवा आखाड्यावरच्या उघड्या खोलीत न ठेवता कुलपात ठेवावीत, किल्ली एकाच मोठ्या माणसाजवळ असावी, उरलेले औषध ‘पुढच्या हंगामाला होईल’ म्हणून साठवू नये, आणि आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या व साखरेच्या गोळ्याही याच शिस्तीत याव्यात.

मूल ज्या वस्तूने इजा करते ती घरातून हलवताना मात्र चोरून हलवू नये. त्याच्याशी बोलून, शक्य तर त्याच्याच हातून ती काढून घ्यावी. रोज अंग तपासणे, दार काढून टाकणे, वही आणि मोबाइल चोरून वाचणे या उपायांनी घराला चौकीचे रूप येते, आणि पालकांचे सारे बळ पाळतीत खर्च होऊन सोबतीसाठी काही उरत नाही. धोका तीव्र असेल त्या दिवसांत मुलाच्या जवळ झोपणे, त्याला एकटे न ठेवणे योग्यच आहे. पण ते का केले जात आहे आणि किती दिवसांसाठी, हे त्याला सांगावे.

याच काळात एक लेखी सुरक्षा-योजना तयार करावी. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन संशोधकांनी विकसित केलेल्या या पद्धतीत मूल स्वतःच्या शब्दांत सहा गोष्टी लिहिते : त्रास वाढत असल्याच्या खुणा कोणत्या, स्वतःला स्वतः कसे सावरता येते, कोणाच्या संगतीत किंवा कोठे गेल्यावर मन वळते, मदत कोणाकडे मागता येते, कोणत्या डॉक्टरांना वा हेल्पलाइनला फोन करावयाचा, आणि परिसर सुरक्षित कसा ठेवावयाचा. आईवडिलांनी लिहून दिलेली योजना उपदेशाचा कागद होते, म्हणून लेखणी मुलाच्या हाती असणे महत्त्वाचे आहे.

दीर्घ मार्ग आणि उपचार

केवळ स्वइजा थांबवणारी गोळी अस्तित्वात नाही. सोबत नैराश्य वा तीव्र चिंता असेल तर मनोविकारतज्ज्ञ औषध देतात आणि ते त्यांच्या सल्ल्यानेच चालू वा बंद करावयाचे असते. ‘आता बरा दिसतोय’ म्हणून मध्येच बंद केलेले औषध हे दुखणे उलटण्याचे नेहमीचे कारण आहे. मुख्य उपचार संवादाचा असतो. किशोरांच्या स्वइजेबाबत ज्या उपचारपद्धतीच्या बाजूने त्यातल्या त्यात चांगला पुरावा उपलब्ध आहे ती ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’, म्हणजे स्वतःचा आहे तसा स्वीकार आणि स्वतःत बदल या दोन्हींचा एकाच वेळी अभ्यास करवून घेणारी पद्धत, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी घडवली. स्वतः लिनेहन यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले की तरुणपणी त्याही स्वतःला गंभीर इजा करीत असत आणि त्यासाठी रुग्णालयात राहिल्या होत्या. नॉर्वेमध्ये ७७ किशोरांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीच्या १९ आठवड्यांच्या उपचाराने स्वइजा नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक कमी झाली. किशोरांसाठीच्या या पद्धतीत पालकही मुलांच्या बरोबरीने भावना ओळखण्याची, वाद न पेटवता बोलण्याची आणि संकटाचा क्षण टाळून नेण्याची कौशल्ये शिकतात.

ही पूर्ण पद्धत जिंतुरात उपलब्ध नसली, तरी तिच्या मुळाशी असलेली एक गोष्ट प्रत्येक घरात करता येते आणि ती म्हणजे मुलाच्या भावनेला दुजोरा देणे. दुजोरा देणे म्हणजे कृतीला संमती देणे नव्हे. चाचणी परीक्षेत गुण कमी पडले म्हणून कोसळलेल्या मुलाला ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास’ असे म्हणण्याऐवजी ‘इतका अभ्यास करून असं झालं की फार वाईट वाटतं’ असे म्हटले, तर त्याची भावना खरी ठरते आणि तिच्यावर शरीरातून शिक्कामोर्तब करण्याची गरज कमी होते. झोप, नियमित जेवण, मैदानावरचा खेळ, कोणत्याही अपेक्षेविना एकत्र घालवलेला थोडा वेळ या साध्या गोष्टी उपचाराची जागा घेत नाहीत, पण उपचाराला आधार देतात. सुधारणा सरळ रेषेत होत नाही. दोन महिन्यांच्या शांततेनंतर पुन्हा एखादी खूण दिसणे याचा अर्थ सारे वाया गेले असा होत नाही, आणि त्या दिवशीचा पालकांचा चेहराच पुढच्या वेळी मूल सांगेल की लपवेल हे ठरवतो.

मराठी चित्रपटाने या प्रकारच्या सोबतीचे एक चित्र उभे केले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१७ साली जाहीर झालेल्या चौसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या एका तरुणाला जानकी ही स्वतः नैराश्यातून सावरत असलेली स्त्री आसरा देते आणि त्याच्यामागे नावगावाचा तगादा न लावता त्याला त्याच्या गतीने उमलू देते, हे त्याचे कथासूत्र आहे. ती त्याची आई नाही, म्हणूनच तिला ते साधते, असा आक्षेप घेता येईल. परंतु हा आक्षेपच पालकांना उपयोगी पडतो. जे मूल आईजवळ बोलत नाही ते मावशी, आत्या, चुलतभाऊ किंवा एखाद्या शिक्षकाजवळ बोलू शकते, आणि तसे झाल्यास पालकांनी अपमान मानू नये.

जिंतुरातून मदत कोठे

अंतर ही या तालुक्याची खरी अडचण आहे. मनोविकारतज्ज्ञांसाठी परभणीचे जिल्हा रुग्णालय किंवा नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते, आणि त्यात एक दिवसाची मजुरी व बसभाडे जाते. म्हणून पहिले पाऊल जवळचे असावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून समुपदेशकाशी बोलता येते. पालकही स्वतःसाठी हा फोन करू शकतात. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातील किशोरांसाठीचे दवाखाने महाराष्ट्रात ‘मैत्री क्लिनिक’ या नावाने चालतात. जवळच्या शासकीय रुग्णालयात त्यांची चौकशी करावी. २०१५ साली सुरू झालेला ‘प्रेरणा प्रकल्प’ परभणीसह मराठवाडा-विदर्भातील चौदा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी होता आणि त्याचा रोख कर्त्या माणसावर होता. तथापि त्यामुळे मनाच्या दुखण्याची विचारपूस करणारी आशाताई घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचली, आणि हीच वाट मुलासाठीही वापरता येते.

‘पोलीस केस होईल’ ही भीती अनेक घरांना रुग्णालयापासून दूर ठेवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा होत नाही, आणि तिला उपचार व पुनर्वसन मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ सारखी सरसकट तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेलीच नाही. रुग्णालयात नोंद झाली, एखाद्या पोलिसाने जबाब घेतला, तरी त्यामुळे मूल गुन्हेगार ठरत नाही. या भीतीपायी उपचाराला झालेला उशीर मात्र भरून काढता येत नाही.

शाळा व शिकवणी यांनाही येथे जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात शिक्षणसंस्था, शिकवणीवर्ग व वसतिगृहे यांच्यासाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, आणि शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा असे त्यांत म्हटले आहे. पालकांनी मुलाच्या संमतीने एका विश्वासू शिक्षकाला कल्पना द्यावी, सर्व शिक्षकखोलीला नव्हे. मूल लातूर-नांदेडला असेल किंवा आईवडील ऊसतोडीला गेले असतील, तर रोजच्या फोनवर ‘अभ्यास झाला का’ याआधी ‘आज दिवस कसा गेला’ हा प्रश्न आला पाहिजे. आणि मूल ‘परत यायचंय’ म्हणाले तर भरलेल्या फीचा हिशेब त्या संभाषणात आणू नये.

पालकांची अवस्था

ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी स्वइजा करणाऱ्या मुलांच्या पालकांच्या मुलाखती घेऊन पालकांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका तयार केली. त्या अभ्यासात पालकांनी धक्का, अपराधीपणा, राग आणि एकटेपणा या भावना वारंवार सांगितल्या, आणि इतर भावंडांकडे होणारे दुर्लक्ष व पतिपत्नींमधील ताणही नोंदला. मराठी घरात याचा भार बहुधा आईवर पडतो, कारण ‘तुझंच लक्ष नव्हतं’ हे वाक्य तिला सासरी ऐकावे लागते. वडिलांनी बाजूला उभे राहून निर्णय देण्याऐवजी रुग्णालयाच्या फेऱ्यांत आणि रात्रीच्या सोबतीत वाटा उचलला, तर मुलाला दोन माणसांचा आधार मिळतो आणि आईला झोप मिळते. लहान भावंडांना त्यांच्या वयाला पेलेल एवढे खरे सांगावे; त्यांना हेर नेमू नये. आईवडिलांपैकी कोणी स्वतः नैराश्यात असेल, किंवा घरात दारूचा त्रास असेल, तर त्यावरचा उपचार हा मुलाच्या उपचाराचाच भाग समजावा.

समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, पालकांचे यश जखमांच्या मोजदादीने मोजता येत नाही. खुणा थांबल्या आणि मूल आणखी गप्प झाले, तर दुखणे केवळ नजरेआड गेले असण्याचा संभव असतो. उलट एखादी खूण उमटली, पण त्या रात्री मूल आपणहून आईला उठवून सांगायला आले, तर उपचार योग्य वाटेवर आहे असे मानावयास आधार असतो. भानामतीच्या काळी घरे दोषी शोधत राहिली आणि घुसमटलेली माणसे तशीच राहिली. आजच्या पालकांजवळ कायद्याचे संरक्षण आहे, फोनवर मिळणारा सल्ला आहे आणि बहुसंख्य मुले यातून बाहेर पडतात हे ज्ञान आहे. या तिन्हींचा उपयोग होण्यासाठी घरात एकच अट पूर्ण व्हावी लागते, ती ही की मुलाने सांगितलेल्या दुःखाची किंमत त्याला शिक्षेच्या, शपथेच्या किंवा लाजेच्या रूपाने मोजावी लागू नये.